जुन्या गाडीत उजेड: भंगारातले केबिनचे दिवे कसे जोडावेत?

दिवेलागण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नव्वदच्या दशकातली छोटी हॅचबॅक आहे, सगळ्यात खालचं व्हेरिएंट. केबिनमध्ये छताच्या मधोमध एकच दिवा, १० वॅटचा लांबट फेस्टून बल्ब. मागच्या सीटवर भागतं, पण चालकाच्या मांडीवर त्याच्याच डोक्याची सावली पडते आणि पायाशी मिट्ट काळोख.

त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटच्या भंगारात निघालेल्या गाडीतून हे मिळालं आहे:
- आरशाजवळचा कन्सोल. दोन मॅप लॅम्प आणि मध्ये सरकत्या स्विचचा छोटा दिवा. तिन्ही बल्ब ५ वॅटचे कॅपलेस (धातूची टोपी नसलेले, काचेच्या बुडाचे).
- दारांच्या तळाचे दोन दिवे, ५ वॅटचे, लाल-पांढऱ्या काचेचे.
- डिकीचा एक दिवा, ५ वॅटचा.

प्रश्न असे. माझ्या छताच्या दिव्याच्या कपलरला (वायरी जोडणाऱ्या प्लगला) दोनच वायरी आहेत, कन्सोलच्या कपलरला तीन. तिसरी कुठून आणायची? फ्यूज १० अँपिअरचा आहे आणि त्यावरच रेडिओची मेमरीही आहे, तो पुरेल का? बल्ब ठेवावेत की एलईडी? आणि छताचं अस्तर कापायचं तर कसं?

---

टेस्टलॅम्प

माल चांगला मिळाला आहे. जोडणीच्या आधी एक गोष्ट नक्की करा: तुमच्या गाडीत दाराचा स्विच अर्थ (गाडीचा पत्रा, म्हणजे बॅटरीचं मायनस) जोडतो की प्लस. बऱ्याच जुन्या गाड्यांत दिव्याला प्लस कायम असतो आणि दाराची पिन (चौकटीतला दाबाचा स्विच) अर्थ जोडते. काही गाड्यांत मात्र स्विच प्लसच्या बाजूला असतो. कन्सोल त्याच मॉडेलचा असल्याने तो जुळेलच, पण मोजल्याशिवाय काही कापू नका.

मोजायचं असं. बल्ब जागेवर, दिव्याचा स्विच 'दार' या जागी, सगळी दारं बंद. मल्टीमीटरची काळी पिन रंग नसलेल्या पत्र्याच्या बोल्टला लावा आणि लाल पिन बल्बच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने. दोन्हीकडे १२ व्होल्ट दिसले तर अर्थ तोडलेला आहे. मग दार उघडलं की एक टोक शून्याजवळ येतं. दार बंद असताना दोन्हीकडे शून्य आणि उघडल्यावर एका टोकाला १२, तर स्विच प्लसवर आहे.

आता कन्सोलच्या तीन वायरी. रंगावर विसंबू नका. बल्ब काढा, मीटर बझरवर लावा (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो).
- जी वायर कुठलाही स्विच न दाबता तिन्ही होल्डरच्या एकेका टोकाला वाजते, ती सामाईक. तुमच्याकडे बहुधा प्लस.
- जी मॅप लॅम्पचं बटण दाबल्यावर त्या होल्डरच्या दुसऱ्या टोकाला वाजते, ती अर्थ.
- जी सरकता स्विच 'दार' या जागी आणल्यावरच मधल्या होल्डरला वाजते, ती दाराची लाइन.

---

तांब्याची तार

टेस्टलॅम्प यांना +१. पण नवे दिवे लावायच्या आधी जुना दिवा किती उपाशी आहे ते बघा. तंतूच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १२ ऐवजी ११ व्होल्ट पोचले तर उजेड पाऊणच राहतो, १०.५ पोचले तर ६४ टक्के. जुन्या गाडीत दीड व्होल्ट वाटेतच हरवणं अगदी नेहमीचं आहे, आणि आपण म्हणतो दिवाच लहान आहे.

दार उघडं, दिवा लागलेला, इंजिन बंद. बल्बच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजा, लगेच बॅटरीवरचा मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वाटेत दोष आहे. काळी पिन बॅटरीच्या मायनसला (लांब वायर जोडून) आणि लाल पिन बल्बच्या अर्थकडच्या टोकाला लावा. जे दिसेल तेवढं परतीच्या वाटेत जातंय.

बहुतेक वेळा दोषी दाराची पिनच निघते. तिचा अर्थ तिच्या एकुलत्या एका स्क्रूमधून मिळतो आणि तो स्क्रू दाराच्या चौकटीत, नेमका पाणी झिरपतं तिथे असतो. स्क्रू काढा, पण वायर आत पडू देऊ नका. ती चौकटीत घसरली की परत काढताना हाल होतात, म्हणून आधी चिकटपट्टीने बाहेर धरून ठेवा. पत्रा आणि स्विचची पट्टी बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, कॉन्टॅक्ट स्प्रे मारा, पिनवरची रबरी टोपी फाटली असेल तर भंगारातल्या गाडीचीच बसते. पत्र्याला गंज चढू नये म्हणून वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात.

---

मधला गिअर

एवढा खटाटोप कशाला? चांगले एलईडी घाला, करंट एक पंचमांश होतो, वाटेतला व्होल्टेज आपोआप वाचतो. दहा मिनिटांचं काम.

---

तांब्याची तार

@मधला गिअर, उजेड वाढेल हे खरं. पण गंजलेला जोड गंजलेलाच राहतो आणि वाढत जातो. पुढे एक दिवस दार उघडल्यावर दिवा लागतच नाही. शिवाय बल्बचा करंट बऱ्यापैकी मोठा असल्याने जोडावरची पातळ काळी पुटं फोडून वाहतो. एलईडीचा इवलासा करंट तिथेच अडखळतो आणि दिवा लुकलुकतो. साफसफाई टळत नाही.

---

ओहमकार

फ्यूजचा हिशेब करून टाकू. जुना १०, कन्सोल १५, दारांचे १०, डिकी ५. एकूण ४० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ३.३ अँपिअर. रेडिओची मेमरी मिलिअँपिअरमध्ये मोजण्याइतकी. १० अँपिअरचा फ्यूज आरामात पुरतो, तो अजिबात वाढवू नका. उलट नवीन फाटा जिथून निघतो तिथे ५ अँपिअरचा वेगळा इनलाइन फ्यूज घाला. मूळ फ्यूज मूळ वायरचं रक्षण करतो, तुम्ही जोडलेल्या बारीक वायरीचं नाही. वायर ०.५ चौरस मिलिमीटरची पुरे.

खरी अडचण फ्यूजची नसून दाराच्या पिनेची आहे. आधी तिच्यातून १० वॅट जायचे. आता छताचा, कन्सोलचा मधला आणि दारांचे दोन मिळून २५ वॅट, म्हणजे २.१ अँपिअर. आणि थंड तंतू पेटतानाचा पहिला झटका चालू करंटच्या दहापटीच्या घरात असतो. पिनेचे कॉन्टॅक्ट त्या झटक्यानेच जळतात. म्हणून दाराच्या लाइनवरचे दिवे एलईडी करा किंवा मध्ये रिले (इवल्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) घाला. मॅप लॅम्प स्वतःच्या बटणावर चालतात, त्यांना बल्ब राहिले तरी हरकत नाही.

आणि विसरून राहिलेला दिवा: ४५ अँपिअर-तासाची धडधाकट बॅटरी २० वॅटवर साधारण १४ तासांत अर्धी होते. डिकीचा दिवा पेटता राहिला तर बाहेरून कळतही नाही. काम झाल्यावर सगळं बंद करून बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर घालून करंट बघाच. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर काहीतरी जागं आहे.

---

वातीचा उजेड

एलईडीबद्दल थोडं सबुरीने घ्या. ६००० केल्विनचा पांढराफटक दिवा छताला लावला की रात्री पुढच्या काचेत सगळं केबिन उमटतं आणि बाहेरचा रस्ता दिसेनासा होतो. बल्बचा उजेड २७०० केल्विनच्या आसपास असतो. एलईडी घ्यायचाच तर ३००० ते ४००० मधला घ्या. दुसरं, बल्ब सगळीकडे उजेड फेकतो आणि दिव्याचा आरसा त्यासाठीच घडवलेला असतो. एका बाजूलाच चिप असलेला एलईडी तिरका बसला तर उजेड घराच्या भिंतीवर पडून वाया जातो.

---

रानजाई

वातीचा उजेड, काचेतल्या प्रतिबिंबाचा मुद्दा लाखमोलाचा. त्यात एक भर: पायाशी लावायचा दिवा डोळ्यांना थेट दिसता कामा नये. डॅशबोर्डच्या खालच्या कडेच्या आत, पेडलच्या वर, मागच्या बाजूला तोंड करून बसवला तर दिवा दिसत नाही, फक्त मॅट उजळते. डिकीचे आणि दारांचे भंगारातले दिवे या कामाला उत्तम, कारण त्यांचं घर उथळ असतं आणि ते दोन खटक्यांवर बसतात. १.५ मिमी जाडीच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात मापाचं भोक पाडून तो तुकडा डॅशखालच्या आधीच्याच स्क्रूला अडकवायचा. डॅशला नवीन भोक पाडायची वेळ येत नाही.

जागा ठरवताना पेडल पूर्ण दाबून, स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. वायर पेडलच्या वाटेत लोंबली तर तो अपघातच आहे.

फेस्टूनच्या लांब्या मोजून घ्या: ३१, ३६, ३९, ४१-४२ मिमी. ३९ च्या जागी ३६ बसवायला पत्त्या वाकवल्या की त्यांची स्प्रिंग मरते, मग खड्ड्यात दिवा मिणमिणतो.

---

पत्रा पाना

भंगारातून काढताना काय बघावं हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

काच काढून आतला पांढरा भाग बघा. बल्बच्या बरोब्बर वर तपकिरी डाग असेल तर त्या घरात कोणीतरी जादा वॅटचा बल्ब घातला होता. तिथलं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि खटके हमखास तुटतात. ५ वॅटच्या घरात १० वॅट कधीही घालू नका, ते याचसाठी.

जुने खटके थंड हवेत काचेसारखे तुटतात. काढण्यापूर्वी कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं मिनिटभर दाबून धरा. पेचकस नको, प्लॅस्टिकची पट्टी वापरा.

कपलर नेहमी गाडीच्या बाजूच्या अर्ध्यासकट घ्या, १५-२० सेंटिमीटर वायर ठेवून कापा. नुसता दिवा आणला की पिनांवर वायर झाळत बसावं लागतं आणि उष्णतेने पिनेभोवतीचं प्लॅस्टिक सैल होतं. स्क्रू, ब्रॅकेट, छताच्या पट्टीवरचा चिमटा, सगळं सोबत आणा. कन्सोल अस्तराला नाही, पत्र्याच्या आडव्या पट्टीला धरलेला असतो. ती ब्रॅकेट विसरली की कन्सोल लोंबतो.

काच पिवळी पडली असेल तर भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. ओरखडे असतील तर १०००, मग २००० चा वॉटर पेपर ओला करून, शेवटी पॉलिश. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल अजिबात नको. ॲक्रिलिकच्या काचेत केसासारख्या बारीक चिरांचं जाळं उठतं आणि ते परत जात नाही.

---

सुईदोरा

अस्तराबद्दल. आधी अस्तर कुठल्या जातीचं आहे ते ओळखा, कारण दोन्हींची रीत उलटी आहे.

साच्यातलं कडक अस्तर (पुठ्ठा किंवा ग्लास फायबरवर फोम आणि कापड): सनव्हायझर, हँडल, खांबांचे वरचे कव्हर काढून पुढची कड हाताच्या पंज्याएवढीच खाली घ्या. पूर्ण उतरवायची गरज नाही, जास्त वाकवलं तर मधोमध घडी पडते आणि ती कायमची राहते. वरच्या व्हेरिएंटच्या कन्सोलसाठी खालच्या व्हेरिएंटच्या अस्तराच्या पाठीवर कापण्याची खूण कधी कधी कंपनीनेच दाबलेली असते, आधी ती शोधा. नसेल तर कन्सोलच्या आतल्या कडेचा कागदी साचा करा, गाडीचा मध्य आरशाच्या बुंध्यावरून धरा आणि चारी बाजूंनी ३ मिमी लहान कापा. मग बसवून बघत थोडं थोडं वाढवा. मोठं झालेलं भोक झाकायला काही उरत नाही. नवं पातं वापरा, बोथट पातं फोम ओढतं. ग्लास फायबर असेल तर हातमोजे आणि तोंडाला मास्क, ती कुसळं दोन दिवस टोचतात.

लोखंडी काड्यांवर ताणलेलं कापडी किंवा रेग्झिनचं अस्तर: याला सरळ कापलं की ताणामुळे चीर धावत जाते. आधी आतून कापडाची गोल पट्टी डिंक लावून चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मग तिच्या मधोमध फुलीसारखा छेद द्या आणि चार पाकळ्या आत वळवून कन्सोलच्या कडेखाली दाबा. कापडाचा गोल तुकडा कापून काढून टाकू नका.

---

टेस्टलॅम्प

सुईदोरा यांच्या प्रतिसादाला जोडून एक गंभीर गोष्ट. धागाकर्त्याच्या गाडीत बहुधा नसेल, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या गाडीत छताच्या कडेला पडद्याची एअरबॅग असेल तर त्या बाजूने आणि पुढच्या खांबातून वायर नेताना ती बॅगच्या मागून, मूळ वायरिंगच्या वाटेनेच न्या. बॅगवरून वायर किंवा केबल टाय गेला तर बॅग नीट उघडत नाही. एअरबॅगचे पिवळे कपलर उघडू नका, त्यांना मीटरही लावू नका. बॅटरी काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय खांबाचं कव्हर ओढायचं नाही.

---

मधला गिअर

एक विचारतो. जोड द्यायला तो निळा चापट चिमटा, पक्कडीने दाबला की वायरमध्ये घुसतो, तो चालेल ना? वायर सोलावी लागत नाही.

---

तांब्याची तार

नको. त्याची पात वायरचे काही धागे कापते. जाड वायरला एकवेळ चालून जाईल, ०.५ ला नाही. वर हवा आत शिरून हिरवा गंज चढतो. वायर सोला, झाळा, श्रिंक स्लीव्ह चढवा. किंवा नीट क्रिंप करा. वर कापडी टेप गुंडाळा. काळी पीव्हीसी टेप छताच्या उन्हात तापून डिंकासारखी वितळते आणि सुटते. कापडी टेपने खडखडही थांबतो.

---

ओहमकार

एलईडी पट्टी लावणाऱ्यांसाठी. '१२ व्होल्ट' लिहिलेल्या पांढऱ्या पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर असे गट असतात. समजा १५० ओहमचा रेझिस्टर. तीन एलईडी मिळून ९.३ व्होल्ट खातात, उरलेले २.७ रेझिस्टरवर, करंट १८ मिलिअँपिअर. इंजिन सुरू झालं की गाडीत १४.४ व्होल्ट असतात. रेझिस्टरवर आता पाच व्होल्टच्या आसपास, करंट ३० च्या पुढे. व्होल्टेज वाढला वीस टक्के, करंट जवळजवळ दुप्पट. म्हणून स्वस्त पट्ट्या वर्षभरात निळसर होऊन मरतात.

उपाय: एलएम२९४०-१२ हा लो ड्रॉप रेग्युलेटर. १ अँपिअरपर्यंत चालतो, गाडीतल्या व्होल्टेजच्या उसळ्या आणि उलटी बॅटरी सोसतो. आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतोच, नाहीतर तो स्वतःच कंप पावतो. साध्या ७८१२ ला दोन व्होल्ट वर लागतात, इंजिन बंद असताना तो उपयोगाचा नाही.

नव्या गाड्यांतले शोभेचे दिवे भंगारात मिळतात, त्यांना तीन वायरी असतील तर जपून. तिसरी बहुधा लिन नावाच्या डेटा लाइनची असते. नुसते १२ व्होल्ट दिले तर तो मुका राहतो, त्याला गाडीच्या कंट्रोलरचा आदेश लागतो. दोन वायरींचा असेल तर करंट २० मिलिअँपिअरवर बांधलेल्या सप्लायवर आधी तपासा, कारण आत रेझिस्टर असेलच असं नाही.

---

रानजाई

त्या शोभेच्या दिव्यांतली पारदर्शक दांडी मात्र सोन्यासारखी. तिच्यातून कडेने उजेड झिरपतो. लांब असेल तर कापता येते, पण कटरने चिमटलं तर टोक पांढरं पडतं आणि उजेड आत शिरतच नाही. बारीक दातांच्या पात्याने काटकोनात कापा, मग ८००, १२००, २००० चा ओला पेपर. टोक काचेसारखं दिसलं पाहिजे. दांडी दाराच्या कप्प्यात ठेवली की एकाच एलईडीत सगळा कप्पा दिसतो.

---

वातीचा उजेड

नव्या गाड्यांत दार लावल्यावर दिवा हळूहळू विझतो ना, तसं जुन्या गाडीत करता येईल का? भंगारातल्या गाडीचा कंट्रोलर आणून?

---

ओहमकार

तो कंट्रोलर उचलून चालत नाही, त्याला बाकी गाडीचे संदेश लागतात. पण पाच भागांत हे घरीच होतं. अर्थ तोडणाऱ्या गाडीसाठी सांगतो.

पी-चॅनेल मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच; सोर्स, ड्रेन आणि गेट ही त्याची तीन टोकं), आयआरएफ९५४०. सोर्स कायम प्लसला, ड्रेन दिव्याच्या प्लसला, दिव्याचं दुसरं टोक सरळ बॉडी अर्थला. दाराची लाइन दिव्याकडून काढून १ किलोओहममधून गेटला. गेट आणि सोर्समध्ये १०० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरड समांतर, कपॅसिटरचा प्लस सोर्सकडे. सोबत १५ व्होल्टचा झेनर (जादा व्होल्टेज अडवणारा डायोड), कॅथोड म्हणजे रेघेचं टोक सोर्सकडे, कारण गेट २० व्होल्टच्या वर सहन करत नाही.

दार उघडलं की गेट अर्थला ओढलं जातं, दिवा लागतो. बंद केलं की कपॅसिटर हळूहळू रिकामा होतो. पाचेक सेकंद दिवा पूर्ण राहतो, मग दीड-दोन सेकंदांत विझतो. मॉसफेटची पाठ ड्रेनला जोडलेली असते, पत्र्याला टेकू देऊ नका, अभ्रकाची चकती घाला.

---

तांब्याची तार

@ओहमकार, आकृती बरोबर, आकडे पावसाळ्यात दगा देतील. दमट दाराच्या पिनेतून अर्थला गळती होते. समजा ती २०० किलोओहम आहे. तुमच्या १०० किलोओहमवर ४ व्होल्ट उभे राहतात आणि मॉसफेट अर्धवट जागा राहतो. रात्रभर दिवा मंद जळणार.

---

ओहमकार

अगदी बरोबर पकडलंत. १०० किलोओहमऐवजी २२ किलोओहम आणि ४७ ऐवजी २२० मायक्रोफॅरड घ्या. गुणाकार जवळजवळ तोच, वेळ तोच. तीच गळती असली तरी गेटवर १.२ व्होल्टच येतात आणि मॉसफेट झोपलेला राहतो. कपॅसिटर १०५ अंशांचा घ्या, छत उन्हात तापतं.

डॅशबोर्डवर 'दार उघडं' हा दिवा त्याच लाइनवर असेल तर आणखी एक सापळा. चावी बंद असताना गेटचा करंट त्या दिव्यातून चावीच्या लाइनवरच्या इतर उपकरणांत उतरतो, म्हणून दार बंद असूनही छताचा दिवा लागलेलाच राहतो. त्या दिव्याच्या फाट्यात १एन४००७ डायोड घाला, कॅथोड दाराच्या स्विचकडे. चावी चालू असताना तोच दिवा गेटवर उलट प्लस ढकलतो आणि हळूहळू विझण्याची गंमत जाते; ते थांबवायला गेटकडे जाणाऱ्या फाट्यातही तसाच एक डायोड लागतो, कॅथोड स्विचकडेच.

---

मधला गिअर

अवांतर: केबिनच्या दिव्यांबरोबर मीटरचेही बल्ब एलईडी करून टाकावेत का?

---

टेस्टलॅम्प

मीटरचे कराल तर बॅटरीचा लाल दिवा सोडून. जुन्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीची उत्तेजना त्याच बल्बमधून जाणाऱ्या करंटने मिळते. तिथे एलईडी घातला तर इंजिन सुरू होऊनही चार्जिंग सुरू होत नाही, किंवा रेस केल्यावरच होतं. आणि जुना तारेचा डिमर एलईडीला मंद करू शकत नाही. १० ओहमच्या डिमरवर १०० मिलिअँपिअरला एकच व्होल्ट पडतो.

---

पत्रा पाना

अवांतराला अवांतर: बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॉडीला प्लस असतो. एमजीबी या स्पोर्ट्स कारची १९६७ च्या अखेरीपर्यंतची मॉडेलं तशीच. तिथे बल्ब कसाही चालतो, एलईडी आणि वरचं सर्किट सगळं उलटं जोडावं लागतं. काही पेटवण्याआधी बॅटरीचं कुठलं टोक पत्र्याला आहे ते बघा.

---

पत्रा पाना

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला.

---

दिवेलागण

सगळ्यांचे मनापासून आभार. आकडे देतो. बॅटरीवर १२.५, जुन्या दिव्यावर १०.९ व्होल्ट. दाराची पिन आणि छताच्या दिव्याचा स्क्रू घासल्यावर १२.२. त्याच बल्बने आता सीटची शिलाई दिसते. स्विच अर्थ तोडणाराच निघाला. अस्तरावर पाठीमागे खूण होती, सुईदोरा यांचे विशेष आभार.

कन्सोल बसवला, दोन वायरींना जोडला. तिसरी, म्हणजे बझरने अर्थ ठरलेली, दाराच्या वायरलाच जोडली, कारण छतात दुसरी वायर नव्हतीच. आता मधला दिवा ठीक चालतो, पण मॅप लॅम्प फक्त दार उघडं असतानाच लागतात. बटण बिघडलं असेल का?

---

टेस्टलॅम्प

बटण ठीक आहे. तुम्ही मॅप लॅम्पचा अर्थ दाराच्या लाइनवर टांगला आहे, आणि ती लाइन दार उघडल्यावरच अर्थ होते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. जुन्या दिव्याला वायरी दोन असल्या तरी जोड तीन होते. तिसरा म्हणजे त्याला छताला धरणारा स्क्रू, जो तुम्ही आताच घासलात. दिव्याचा स्विच 'चालू' वर नेला की अर्थ त्या स्क्रूतूनच मिळतो. कन्सोल प्लॅस्टिकच्या पाठीचा आहे, स्क्रूतून त्याला काही मिळत नाही, म्हणून कंपनीने तिसरी वायर दिली.

ती वायर दाराच्या लाइनवरून काढा, टोकाला रिंग टर्मिनल क्रिंप करा आणि कन्सोलची ब्रॅकेट ज्या आडव्या पट्टीवर बसते तिथल्या स्क्रूखाली दाबा. रिंगखालचा रंग नाण्याएवढ्या जागेत खरवडा. रंगावर बसवलेली रिंग मीटरवर वाजते आणि बल्बला मात्र करंट देत नाही.

---

दिवेलागण

जोडलं. दारं बंद, दोन्ही मॅप लॅम्प लागतात, बटणाने वेगवेगळे. होल्डरवर १२.३ व्होल्ट. सगळं बंद करून बॅटरीवर १८ मिलिअँपिअर. दारांचे दिवे आता रानजाईंच्या रीतीने डॅशखाली घालतो, कारण दारातल्या रबरी नळीतून वायर सरकेना.

---

पत्रा पाना

डॅशखाली लावा खुशाल, पण दाराचा नाद सोडू नका. मागून येणाऱ्याला उघडं दार दाखवायचं काम त्या दिव्याची लाल काच करते. नळीची दोन्ही टोकं पत्र्यातून सोडवा, नळी सरळ ओढून धरा, आत साबणाचं पाणी सोडा आणि सायकलच्या ब्रेकची तार आधी घाला. तिच्या टोकाला वायर टेपने निमुळती बांधून ओढा. वायर दार पूर्ण उघडल्यावर ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवा. लाल काच मागच्या बाजूला.